क्लॅरी हॅडोचा दोनशेवा पक्षी

क्लॅरी हॅडोने या उन्हाळ्यात तीन आठवडे पक्षी न बघण्यात घालवले. ते किती कष्टाचं काम आहे हे मी शेजारी म्हणून जवळून पाहिलं. पक्षी बघायला काही लागत नाही, डोळे आणि बसायची तयारी असली की झालं. न बघायला मात्र शिस्त लागते. त्यातून जानेवारी महिना, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा, सावलीत त्रेचाळीस डिग्री, आणि आमच्या विलुका गावातलं उरलंसुरलं पाणी क्लॅरीच्या अंगणातल्या दगडी कुंडीत. तीस किलोमीटरच्या टापूत पिसं असलेला जो जो जीव होता तो तिथे हजेरी लावत होता, आणि क्लॅरी त्या कुंडीपासून सहा पावलांवर, व्हरांड्यात, हॅट नाकापर्यंत ओढून बसत होता.

त्याचं कारण कोठीच्या दारावर होतं. क्लॅरी आणि ईडी लग्न करून या घरात आले त्या वर्षापासून घरातून दिसलेला प्रत्येक नवा पक्षी त्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला आहे. नियम ईडीने केले होते. पक्षी रानातला हवा, पिंजऱ्यातून सुटलेला नको. बघणाऱ्याचे पाय आपल्या कुंपणाच्या आत हवेत, पक्ष्याचे कुठेही असोत. नुसता आवाज ऐकला तरी चालेल, पण खात्री हवी. आणि स्वतः पाहिला किंवा ऐकला असेल तरच लिहायचा. दुसऱ्याने सांगितलेला चालणार नाही. ईडी सहा वर्षांपूर्वी गेली, नियम राहिले.

या बाबतीत आमचे लोक भलतेच कडक आहेत. आमच्याकडे माणूस माशाच्या लांबीबद्दल खोटं बोलतो, पावसाच्या मिलिमीटरबद्दल बोलतो, बिअर किती झाल्या याबद्दल तर बायकोने विचारायच्या आधीच बोलतो. पण पक्ष्यांच्या यादीत खोटं लिहिणारा मेला तर त्याच्या अंत्यविधीला लोक मागच्या बाकांवर बसतात आणि सँडविच न खाता घरी जातात.

आता करार. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात क्लॅरी कोंबड्यांची बादली घेऊन मागच्या पायऱ्यांवरून घसरला. मी त्याची करवत परत करायला गेलो, तेव्हा तो अडीच तास उताणा पडलेला होता. मला बघून त्याचं पहिलं वाक्य होतं, "सतरा जाती झाल्या, डेस. नवीन एकही नाही." खुब्याचं हाड मोडलंय हे त्याने नंतर सांगितलं, जाता जाता.

त्याची मुलगी ग्वेंडा बेंडिगोला राहते. वीस वर्षं मुख्याध्यापिका होती आणि निवृत्तीनंतर सरळ करायला तिच्याकडे फक्त बाप उरला होता. तिने त्याच्यासाठी शहरात वृद्धांच्या संकुलात जागा बघितली. दोन खोल्या, जागोजागी धरायला दांड्या, खिडकीतून गाड्यांचा तळ. दर रविवारी फोन. एका रविवारी क्लॅरी वैतागून म्हणाला, "माझ्या दारावर दोनशे पक्षी झाले की येतो. त्याआधी नाही."

तेव्हा यादी एकशे शहाण्णववर होती. शेवटचा नवा पक्षी चार वर्षांपूर्वी आला होता. क्लॅरीने हिशोब केला की या गतीने दोनशेवा येईल तेव्हा आपण सत्त्याण्णव वर्षांचे असू, आणि तेव्हा कुठे न्यायचं ते त्यांचं ते बघतील. ग्वेंडानेही हिशोब केला असावा, कारण तिने तो करार कागदावर उतरवला आणि त्याची सही घेतली. साक्षीदार म्हणून मी सही केली. मला वाटलं, गंमत आहे.

मग आतल्या वाळवंटात लागोपाठ तिसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. तिकडचे पक्षी पाणी शोधत दक्षिणेला निघाले, आणि त्यांना कुणीतरी क्लॅरीचा पत्ता दिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंखांवर पांढरे ठिपके असलेला मुठीएवढा होला आला. दुसऱ्या आठवड्यात किरमिजी छातीचा एक चिमुकला आला, इतका लाल की लपणं त्याच्या नशिबातच नव्हतं. नाताळच्या आदल्या दिवशी काळा मधपक्षी. क्लॅरीने तिन्ही लिहिले. एकशे नव्व्याण्णव.

"न लिहून चाललं असतं," मी म्हणालो.

"पाहिले ना मी."

"कुणाला कळलं असतं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या सूपमध्ये थुंकलो होतो.

त्या दिवसापासून त्याने बघणं बंद केलं. पाहिला तर लिहावा लागणार; म्हणून पाहायचाच नाही. हा मार्ग पूर्णपणे सचोटीचा होता. त्याने चष्मा कपाटात ठेवला. ऐकायचं यंत्र काढून खिशात टाकलं, कारण नियमाप्रमाणे आवाजही चालतो. सकाळी कुंडीत पाणी भरताना तो डोळे मिटून बादली ओतायचा, त्यातली निम्मी स्वतःच्या बुटांत. "कुंडी भरूच नकोस ना मग," असं माझी बायको नोरीन त्याला म्हणाली, तर म्हणाला, "अगं, त्यांनी काय केलंय?"

नाताळच्या दुसऱ्या दिवशी ग्वेंडा आली. मोठी सूटकेस, पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आणि नवीकोरी दुर्बीण, जिच्या पट्ट्याला किमतीचं लेबल तसंच लोंबत होतं. तोवर तिला चिमणी आणि विमान यांतला फरक सांगता येत होता, एवढंच. पण मुख्याध्यापिका अभ्यासाला बसली की बसली. आठवड्याभरात ती पहाटे पाचला व्हरांड्यात असायची, मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल.

"डॅड, तिकडे बघ. त्या बाभळीवर."

"चहा घेतोय."

"चहा घेताना डोळे मिटतात का?"

"चांगला चहा असला की मिटतात."

"पिवळ्या भुवईचं काहीतरी आहे."

"असेल. देव त्याचं भलं करो."

मी रोज अकराला जायचो. विलुकात माझ्या विनोदांना हसणारा क्लॅरी हा एकच माणूस आहे, आणि आता तर तो ऐकायचं यंत्र काढून हसत होता, म्हणजे हे हसू किती वर्षांपासून असं होतं ही शंका मला यायला लागली. पण तो शहरात गेला असता तर मला रोज अकराला कुठे जायचं हा प्रश्न पडला असता. नोरीनलाही पडला असता, आणि तिने तो मोठ्याने विचारला असता.

"ती वाईट नाहीये रे," एकदा क्लॅरी मला म्हणाला. ग्वेंडा आत लोणच्याचं बीट कापत होती. "घाबरलीये. मी पडलो तेव्हापासून."

"तू नाही घाबरलास?"

"मी? मला गाड्यांच्या तळाची भीती वाटते." मग जरा थांबून म्हणाला, "ही खुर्ची तिथे मावणार नाही. मी मोजून आलोय."

ससाणा आला तो बुधवार होता.

शेततळ्याच्या पलीकडे एक वठलेलं झाड आहे, पांढरं फटक, हाडासारखं. त्याच्या शेंड्यावर सकाळी सातला एक पक्षी बसलेला ग्वेंडाला दिसला. राखाडी, कबुतराहून मोठा, पाय पिवळेजर्द. तिने पुस्तक चाळलं, दुर्बीण लावली, परत पुस्तक चाळलं, आणि मग मला फोन केला. मी पायजम्यात आलो.

राखी ससाणा होता.

आयुष्य या नादात घालवलेली माणसं तो न बघता मरतात, आणि त्याबद्दल कुरकुरत मरतात. क्लॅरी आणि ईडी त्याच्यासाठी तीनदा वाळवंटात गेले होते. पहिल्यांदा गाडीचा आस मोडला. दुसऱ्यांदा त्यांनी चार दिवस एका खांबाखाली घालवले, आणि पाचव्या दिवशी निघाले तेव्हा मागून येणाऱ्यांना तो त्याच खांबावर दिसला. तिसऱ्यांदा ईडीला अपेंडिक्स झालं. विमानातून रुग्णालयात नेताना ती स्ट्रेचरवरून खाली वाकून झाडं बघत होती, असं क्लॅरी सांगायचा.

आता तो पक्षी त्याच्याच झाडावर बसला होता, आणि क्लॅरी त्याच्याकडे पाठ करून मटार सोलत होता.

"डॅड," ग्वेंडा म्हणाली. यंत्र खिशात असल्यामुळे तिला ओरडूनच म्हणावं लागलं. "राखी ससाणा आहे."

मटाराचे दाणे सोलणारी बोटं थांबली. मग परत चालू झाली.

"तुझी चूक होतेय," तो म्हणाला. "खांद्यांवर काळं असेल. ती घार."

"खांद्यांवर काही नाही. डेसला विचार."

क्लॅरी माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं हा माझा जन्मजात दोष आहे. त्याने नजर खाली वळवली. "दुसऱ्याने सांगितलेला चालत नाही," तो मटारांना म्हणाला.

त्यानंतर ग्वेंडाने नवशिक्याची चूक केली. खात्री करून घ्यावी म्हणून तिने फोटो काढून पक्षीवाल्यांच्या एका गटाला पाठवला, खाली गावाचं नाव आणि रस्ता लिहून. शाळेत प्रत्येक उत्तराखाली पत्ता लिहायची सवय लागली असावी.

गुरुवारी सकाळी फाटकापाशी चौदा गाड्या होत्या. दुपारपर्यंत एकतीस. मेलबर्नहून, ॲडलेडहून, एक जोडपं तर बाराशे किलोमीटर गाडी चालवून रात्रभरात आलेलं, एकमेकांशी बोलत नव्हतं. सगळे खाकी कपड्यांत, गळ्यात अडकवलेल्या दुर्बिणी, खांद्यावर तिवया. क्लॅरीच्या कुंपणाला टेकून शंभरेक माणसं एका वठलेल्या झाडाकडे तोंड करून उभी होती. मी आमच्या चर्चमध्ये इतकी भक्ती पाहिलेली नाही, आणि इतकी शांतताही.

त्या सगळ्यांना व्हरांड्यातला म्हातारा दिसत होता. ज्या पक्ष्यासाठी ते आले होते त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेला, टोपलीभर मटार सोलून झाले तरी रिकाम्या शेंगा सोलणारा. खाकीतल्या एका माणसाने मला हळूच विचारलं, "आजोबांना दिसत नाही का?"

"दिसतं," मी म्हणालो.

"मग?"

"घरगुती मामला आहे."

नोरीनने लॅमिंग्टन केक आणून कुंपणावर विकले. आमच्या अग्निशामक दलाला नवा पाइप हवाच होता.

शुक्रवारीही ससाणा तिथेच. तोच शेंडा, तीच फांदी. उकाडा असा की मॅगपाय चोच उघडी टाकून सावलीत बसले होते. अकराच्या सुमारास एक म्हातारी बाई, चालायची चौकट ढकलत, कुंपणापाशी आली. कुणीतरी तिच्यासाठी दुर्बिणीची तिवई खाली केली. तिने डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि मग चौकटीवर डोकं टेकवून रडायला लागली, आवाज न करता. आजूबाजूचे खाकी लोक आपापले बूट बघायला लागले.

क्लॅरीने ते पाहिलं. ती कुंपणाच्या या कोपऱ्यात, भिंतीच्या टोकापलीकडे, त्याच्या नजरेच्या वाटेत होती. पक्षी न बघायचं ठरवलं होतं, माणसं न बघायचं नव्हतं.

ग्वेंडाने त्याच्या समोर, भिंत आणि तो यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, स्टूल घुसवलं आणि बसली.

"डॅड, बघ ना एकदा."

"नाही."

"मी मोजणार नाही."

"तू कोण मोजणारी? यादी माझी आहे."

"मी कुणाला सांगणार नाही."

"ग्वेंडा, शंभर माणसं ऐकतायत."

खरं होतं. बहिऱ्या माणसाशी गुपचूप बोलता येत नाही. शंभर खाकी पाठी एकदम ताठ झाल्या, आणि कान या बाजूला वळले.

"तो कागद मी फाडते," ती म्हणाली.

"मी सही केलीये त्यावर." क्लॅरीने मांडीवरच्या शेंगा झटकल्या. "पाहिला तर लिहिणार. लिहिला तर येणार. हॅडो माणसाचं तेवढंच असतं, बाकी गुरं आणि कर्ज."

"आई असती तर काय केलं असतं?"

हा प्रश्न नियमात बसत नाही असं माझं मत आहे, पण मला कुणी विचारलं नाही.

क्लॅरीने खिशातून यंत्र काढलं, शर्टाला पुसलं आणि कानात घातलं. करायचंच तर अर्धवट कशाला, असं त्याच्या तोंडावर होतं. ग्वेंडाने आतून चष्मा आणला. तो उठला, खुर्चीच्या पाठीला धरून वळला, आणि व्हरांड्याच्या कठड्यापर्यंत चालत गेला. कुंपणावरच्या लोकांनी मध्ये वाट केली, जसं काही त्यालाच बघायला आले होते. कुणीतरी दुर्बीण पुढे केली, ती त्याने हाताने बाजूला सारली.

ज्याची त्याने पन्नास वर्षं वाट पाहिली त्या ससाण्याने त्याच्याकडे पाठ केली, शेपूट उचललं आणि पांढरी पिचकारी मारली.

"वा," क्लॅरी म्हणाला.

पाव तास तो तिथेच उभा होता. पक्ष्याने मान खाजवली. एक पाय पोटाखाली घेतला. एकूण कार्यक्रम एवढाच झाला. क्लॅरीचा जबडा हलत होता आणि मी माझे बूट बघायला लागलो. ते बघण्यासारखे नाहीत.

मग तो आत गेला. ग्वेंडा त्याच्या मागे, मी तिच्या मागे, साक्षीदार म्हणून. कोठी एका माणसासाठी बांधलेली आहे. पिठाचा डबा, बीटचे टिन आणि आम्ही तिघं, अशी गर्दी झाली. क्लॅरीने दाराला टांगलेली पेन्सिल घेतली आणि सगळ्यात खाली लिहिलं: २००. राखी ससाणा. पुढे तारीख. अक्षर चांगलं आलं होतं.

"कधी निघायचं?" त्याने विचारलं.

"घाई नाहीये," ग्वेंडा म्हणाली. "फेब्रुवारीत खोली रिकामी होईल."

"ठीक."

तो दाराकडे बघत राहिला. वरपासून खाली, ओळ न ओळ. अर्ध्याहून जास्त ओळी ईडीच्या हातच्या होत्या. फ्रिज घुर्र करून बंद झाला, तरी तो बघतच होता. मग त्याने बोट ठेवलं.

"त्र्याहत्तर नंबर."

मी वाकून वाचलं. भुंकणारं घुबड. एकोणीसशे एकोणऐंशी, ऑगस्ट. ते घुबड थेट कुत्र्यासारखं भुंकतं, दोन दोनदा.

"ते घुबड नव्हतं," क्लॅरी म्हणाला. "डेसचं कुत्रं होतं."

साठ वर्षांत क्लॅरी हॅडो पहिल्यांदा खोटं बोलत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं. मान लाल झाली होती. नजर पिठाच्या डब्यावर.

"म्हणजे तेव्हा चुकून लिहिलं?" ग्वेंडाने विचारलं.

"चुकून नाही. मला माहीत होतं. तुझ्या आईला फार हवं होतं म्हणून लिहिलं." आपल्याच नावाला काळं फासताना तो धापा टाकत होता. "तर ते खोडावं लागेल. एकशे नव्व्याण्णव. डेसला विचार, कुत्रं होतं की नाही."

दोघंही माझ्याकडे वळले. त्या जागेत वळणं सोपं नव्हतं.

"होतं," मी म्हणालो. "भुंकायचं. दोन दोनदा."

"ट्रिक्सी?" ग्वेंडा म्हणाली. "ट्रिक्सी त्या वर्षी मे महिन्यात मेली. मी तिच्यासाठी क्रूस केला होता. आपण सगळ्यांनी गाणं म्हटलं होतं."

"ट्रिक्सी नाही. दुसरं."

"कुठलं दुसरं?"

"होतं एक. थोडेच दिवस होतं."

"नाव काय त्याचं?"

मी आयुष्यभर लोकांना हसवायला बिनदिक्कत थापा मारल्या आहेत, पण त्या क्षणी जगात कुत्र्याचं एकही नाव शिल्लक नव्हतं.

"क्लॅरी," मी म्हणालो.

"कुत्र्याचं नाव क्लॅरी."

"शेजारी म्हणून प्रेमाने ठेवलं होतं."

क्लॅरीने माझ्याकडे पाहिलं. त्यात कृतज्ञता होती, पण दुखावल्याची छटाही होती.

ग्वेंडाने चष्मा काढला, स्कर्टला पुसला, परत घातला. पाचवीतल्या पोराने कॉपी केली की त्याला ती अशीच वाट बघायला लावत असणार.

"आवाज ऐकून आई नाइटीवर बाहेर पळाली," ती म्हणाली. "मला उठवलं. मी नऊ वर्षांची होते. ते टाकीच्या पत्र्यावर बसलं होतं, पिवळे डोळे, आणि आईने माझा खांदा इतका दाबला की दुखला. टॉर्च मी धरला होता, डॅड."

क्लॅरीची पेन्सिल दाराला टेकलेलीच होती.

बाहेर कुणीतरी मोटार चालू केली, मग बंद केली. ग्वेंडाने आमच्या मधून हात घालून बीटचा एक टिन उगाचच सरळ केला.

"पण सेल उतरले होते," ती म्हणाली. "नीट काही दिसलं नव्हतं."

क्लॅरीने नाकाने मोठा श्वास घेतला. मग त्र्याहत्तरच्या ओळीवर एक रेघ मारली. केसाएवढी बारीक. खालची ईडीची अक्षरं जशीच्या तशी दिसत होती.

"रेघ जाड मार," ग्वेंडा म्हणाली. "वाचता येतंय अजून."

"मला नाही येत," क्लॅरी म्हणाला.

"मग सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि मागच्या पायऱ्यांना कठडा बसवायचा, दोन्ही बाजूंनी. तो बसेपर्यंत मी इथून हलत नाही. आणि डेस, करवत स्वतःची घे."

क्लॅरीने कबूल केलं. कुणी कागद आणला नाही, आणि मीही सही करायला पुढे सरसावलो नाही.

तिघं बाहेर आलो तर ससाणा अजून तिथेच होता. तो आता दारावर लिहिलेला, म्हणजे क्लॅरीला बघायला मोकळा. क्लॅरी कठड्याला टेकून उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत उभाच राहिला. मी दोनदा त्याला कुंडीवर उतरलेला एक हिरवट, चोचीपाशी पांढरा पट्टा असलेला, दारावर नसलेला पाहुणा दाखवायला गेलो. त्याने मान तसूभरही वळवली नाही.

"डेस," तो त्या वठलेल्या झाडावरून नजर न काढता म्हणाला, "घरी जा."